एकशेसाठ फुटांची खोली आणि तेरा मीटरचं मैदान : मुंबईच्या बीडीडी चाळींतला व्यायाम

मागच्या बैठकीत आपल्याकडे बडोद्याच्या व्यायामपरंपरेवर छान चर्चा झाली. जुम्मादादा व्यायाम मंदिर, राजरत्न प्रा. माणिकराव, आबासाहेब मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश, हे सगळं निघालं. आपल्याला त्याचा अभिमान आहेच. शेवटी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी एक प्रश्न टाकला आणि घरी जाईपर्यंत तो माझ्या डोक्यातून गेला नाही. ते म्हणाले, "हे सगळं खरं हो, पण तुमच्या त्या ज्ञानकोशातले जोर गिरणीतून दहा तास राबून आलेला माणूस मारत होता का? आणि मारत असेल तर कुठे?"

योगायोगाने या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा माझ्या लहानपणात आहे. माझी आत्या मुंबईला नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. १९७८ ते १९८१ या चार उन्हाळ्यांत मी बडोद्याहून गाडीने तिच्याकडे जायचो आणि महिनाभर तिसऱ्या मजल्यावर मुक्काम ठोकायचो. पुढे इंजिनीअर झालो, तीस वर्षं बांधकामाच्या नकाशांत गेली आणि आता इतिहासाचा नाद लागला. त्यामुळे या चाळींकडे मी आधी नकाशा म्हणून पाहतो, मग आठवण म्हणून. हा निबंधही त्याच क्रमाने लिहिला आहे.

चाळ कशी बांधली

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत कामगारांच्या घरांचा प्रश्न हाताबाहेर गेला होता. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता आणि त्याने काही चाळी बांधल्या होत्या. याच बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब बरीच वर्षं राहिलं. पण गरजेच्या मानाने ही घरं थोडी होती. मग गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात विकास खातं निघालं. बीडीडी ही अक्षरं त्याचीच. या खात्याने बॅक बेची भरणी आणि कामगारांच्या चाळी अशी दोन मोठी कामं अंगावर घेतली. चाळींसाठी पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला.

बेत होता पन्नास हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात १९२०च्या दशकात २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अशा वीस खोल्या. चाळीत एकूण ऐंशी. खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास सामायिक. भिंती सिमेंट काँक्रीटच्या, त्या काळच्या मानाने भक्कम. पण उजेड आणि वारा यांच्या बाबतीत मूळ नकाशा इतका कंजूष होता की सुरुवातीला लोक राहायलाच येईनात. वरळीच्या रिकाम्या चाळींचा उपयोग सरकारने सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रह्यांना कोंडायला केला, यावरून काय ते समजावं. ज्या इमारतीचा तुरुंग करताना फार फेरफार करावे लागत नाहीत, ती इमारत राहण्यासाठी कशी असेल?

इथे आपल्या भागाशी असलेला एक धागा सांगतो. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१६ साली बडोद्याच्या विकासाचा अहवाल लिहून गेला, १९१८ साली त्याने इंदूर दरबारसाठी मोठा अहवाल केला आणि १९१९ पासून काही वर्षं तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. म्हणजे खातं चाळी बांधत होतं तेव्हा तो त्याच शहरात शिकवत होता. वस्तीतल्या लहानसहान मोकळ्या जागा वाचवा, झाडं आणि अंगण ठेवा, माणसांना बराकीत भरू नका, हा त्याचा धोशा आपल्या दोन्ही शहरांत ऐकला गेला होता. विकास खात्याच्या हिशेबात मात्र एकक होतं खोली. खोल्या किती झाल्या हे मोजलं गेलं. खोलीतल्या माणसाने हातपाय कुठे पसरायचे, हे त्या हिशेबात बसत नव्हतं.

तरी एक गोष्ट झाली. चाळी एकमेकींना चिकटून न बांधता ओळीने, मधे पट्ट्या सोडून बांधल्या. वरळीला जांबोरी मैदान राहिलं. या पट्ट्या आणि ही मैदानं हाच पुढच्या साठ वर्षांचा खरा आखाडा ठरला.

वेळ कुठून आला

व्यायामाला जागा लागते, पण त्याआधी वेळ लागतो. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ साली तो अकरा तास आणि आठवड्याला साठ तास झाला. १९३४च्या कायद्याने दहा आणि चोपन्न. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. हे आकडे एका कागदावर उतरवून मी त्यांच्या शेजारी मुंबईच्या कामगार वस्तीतल्या खेळांची वाढ लिहिली, तेव्हा दोन्ही रांगा बरोबरीने चालताना दिसल्या. बारा तासांच्या काळात व्यायाम म्हणजे मुख्यतः तालीम, तीही पहाटे किंवा रात्री, आणि ठराविक पठ्ठ्यांची. सामने, संघ, वेळापत्रक, चषक हे सगळं पुढे आलं. खेळाचा इतिहास लिहिताना आपण गुरू आणि संस्थापक मोजतो. कारखाना कायदाही त्या यादीत घालायला हवा, असं मला वाटतं.

१९३७ साली प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर कामगार कल्याणाचं काम सरकारने हातात घेतलं आणि १९३९ पासून सरकारी कल्याण केंद्रं निघाली. १९५३च्या कायद्याने त्यासाठी कामगार कल्याण निधी झाला. या केंद्रांत वाचनालय, व्यायामाचं साहित्य, कॅरम आणि बायकांसाठी शिवणवर्ग असे. शेवटचा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

तालीम आणि तिच्या दोन बाजू

गिरणगावात बहुतेक माणसं कोकण, सातारा, कोल्हापूर या बाजूंची. गावात तालीम असायची तशी त्यांनी इथे उभी केली. तळमजल्यावरची एखादी खोली किंवा पत्र्याची शेड. मारुतीची तसबीर, जोडी, करेला, डबल बार, कोपऱ्यात लेझीम आणि लाठ्या. ज्या खोलीत आठ-दहा पुरुष पाळीपाळीने झोपत, तिथल्या तरुणाला तालीम ही दुसरी खोलीच होती. पत्र तिथे यायचं, नोकरीची खबर तिथे मिळायची.

तालमीचं गुणगान करताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगार वस्त्यांवर जे काम केलं त्यात तालमीचं दुसरं रूप स्पष्ट येतं. तालमीला कोणी तरी आश्रयदाता लागे आणि आश्रयदात्याला मनगटं लागत. संपात कामावर जाणाऱ्यांना अडवायला ही मनगटं वापरली गेली आणि संप फोडायलाही. 'दादा' या शब्दाला मुंबईत जो वास आहे, तो याच मातीतला.

आणि जात. तालमीची माती सगळ्यांना सारखी नव्हती. दलित वस्त्यांनी स्वतःच्या व्यायामशाळा, स्वतःची पथकं उभी केली. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या समता सैनिक दलाची शिस्त आणि कवायत याच चाळींच्या पोरांनी अंगी बाणवली. तिथे व्यायाम हा छंद नव्हता, सभेला आणि मोर्चाला संरक्षण देण्याची तयारी होती. १९७४च्या जानेवारीत वरळीच्या आणि मग नायगावच्या बीडीडी चाळींत दलित आणि सवर्ण वस्त्यांत दंगल पेटली. चाळींमधल्या ज्या पट्ट्यांत पोरं खेळायची, तिथूनच दगड गेले. आत्या सांगायची की त्यानंतर कित्येक महिने तिच्या चाळीसमोर संध्याकाळी खेळ मांडला गेला नाही. पहिल्यांदा पोरं परत खाली उतरली, त्या दिवशी बायका बोळाच्या जाळीशी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. "खेळ चालू झाला की आम्हाला झोप लागायला लागली," हे तिचं वाक्य माझ्या कानात आहे.

हुतूतूच का?

आता माझा आवडता भाग, म्हणजे हिशेबाचा. चाळीत क्रिकेट होतंच, टेनिसच्या चेंडूचं. पण गिरणगावाचा खेळ म्हणून नाव झालं ते कबड्डीचं, म्हणजे आपल्या हुतूतूचं. का?

पुरुषांच्या कबड्डीचं आजचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतं, म्हणजे १३० चौरस मीटर. चाळीतली १६० चौरस फुटांची खोली भरते साधारण पंधरा चौरस मीटर. म्हणजे नऊ खोल्यांपेक्षाही थोड्या कमी जागेत चौदा माणसं पूर्ण सामना खेळतात. खोखोचं मैदान सत्तावीस बाय सोळा मीटर, म्हणजे एकोणतीस खोल्या. फुटबॉल आणि हॉकीचा विचारच नको. दोन चाळींमधल्या पट्टीत जो संघाचा खेळ नीट बसतो, तो कबड्डी. त्याला ना बॅट लागते, ना चेंडू, ना बूट. दोन डाव वीस-वीस मिनिटांचे, मधे पाच मिनिटं. पाऊण तासात निकाल. दुसऱ्या पाळीला जायचं असलं तरी जमतं. आणि प्रेक्षकांसाठी चाळीचे मजले म्हणजे आयती गॅलरी.

इथे बडोदं पुन्हा येतं. हुतूतू पूर्वी ठिकठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेने खेळला जाई. संजीवनीत मेलेला गडी परत उठे, गनिमीत एकदा गेला की गेला, अमरमध्ये बाद झालेला आतच राही आणि नुसते गुण मोजले जात. या गोंधळाला नियमांत बसवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात सुरू झालेच होते. १९२०च्या दशकात आपल्या बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतू, खोखो अशा देशी खेळांचे नियम बांधले आणि मोठे सामने भरवले. म्हणजे मुंबईत चाळींचं काँक्रीट ओतलं जात होतं, त्याच दशकात बडोद्यात या खेळाची रेषा आखली जात होती. पुढे १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डी आली, १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत पदक मिळू लागलं.

तर आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं आहे : ज्ञानकोश बडोद्यात छापला गेला, नियमही संस्थानाच्या छायेत आखले गेले, पण रोज संध्याकाळी अंगाला माती लावून तो खेळ जगवला चाळीतल्या लोकांनी. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो ज्ञानकोश पाहिला असेल.

या खेळाला पोटाची बाजूही होती. गिरण्यांचे संघ असत. रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्र यांच्या संघांत चांगल्या चढाईपटूला नोकरी मिळे. माझा थोरला आतेभाऊ याच आशेने खेळायचा. तो पहाटे पाचला उठून जिन्याच्या तळापासून वरपर्यंत दहा वेळा पळायचा, आणि मग आतेचं पाणी भरायला जायचं टाळायचा. यावरून घरात रोज भांडण व्हायचं.

जिना, हंडा आणि तीस मजले

आता ते भांडणच नीट पाहू, कारण माझ्या मते या निबंधाचा गाभा तिथे आहे.

आत्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. खोलीत मोरी होती, पण उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नसे. खालच्या नळावरून हंडा भरून आणायचा. घरात सात माणसं, आणि उन्हाळ्यात मी आठवा. पंधरा लिटरचा हंडा धरला तर दहा खेपांत दीडशे लिटर, म्हणजे माणशी वीस लिटरसुद्धा नाही. मजल्याची उंची दहा फूट धरा. एक खेप तीस फूट चढाची. दहा खेपा म्हणजे तीनशे फूट, म्हणजे तीस मजली इमारत. डोक्यावर किंवा कमरेवर पंधरा किलो घेऊन. रोज. मग धुणं, मग रॉकेलच्या रांगा, मग दळण.

आतेभाऊ बिनओझ्याने जिना चढला की त्याला चाळ 'व्यायाम' म्हणायची आणि त्याच्या दुधाचा पाव लिटर वेगळा निघायचा. आत्या ओझं घेऊन तोच जिना तितक्याच वेळा चढली की त्याला 'काम' म्हणायचे आणि ती शेवटी उरलेलं खायची. तिचे गुडघे पन्नाशीच्या आत गेले.

आपल्याकडे एक लाडकं वाक्य आहे, 'पूर्वीची माणसं काटक होती, त्यांना व्यायामाची गरज नव्हती.' मी हे वाक्य स्वतः भाषणांत वापरलेलं आहे. आता वापरत नाही. शरीर झिजवणारी हालचाल आणि शरीर घडवणारी हालचाल यांत फरक आहे. तो फरक स्नायूंच्या कामात फारसा नसतो. तो विश्रांतीत, खाण्यात आणि ती हालचाल आपल्या मनाने केली की नाही, यात असतो. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्यांना गिरणीची पाळी आणि घरची पाळी अशा दोन्ही होत्या. कायद्याने पुरुषाचा दिवस आखूड केला तेव्हा त्याला संध्याकाळ मिळाली. तिची संध्याकाळ चुलीपाशी गेली.

म्हणूनच कल्याण केंद्रातला तो शिवणवर्ग लक्षात ठेवा म्हटलं. चांगल्या हेतूने काढलेल्या केंद्रातही पुरुषाला बार मिळाला आणि बाईला मशीन. मुली पट्टीत खेळायच्या त्या साधारण बारा-तेरा वर्षांच्या होईपर्यंत. पुढे काही जिद्दी मुलींनी कबड्डी-खोखोचे संघ काढले आणि नावही कमावलं. तरी चाळीच्या बहुतेक बायकांना मनसोक्त अंग हलवायला मिळे ते वर्षातून काही दिवसच : मंगळागौरीची फुगडी, नागपंचमीचे झिम्मे, आणि गणपतीत कोकणातल्या बायकांचा फेर. आत्या फुगडीला उभी राहिली की चाळीतली कोणी तिच्यापुढे टिकत नसे. तीस मजल्यांचा सराव होता ना.

भोंगा थांबल्यावर

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि बहुतेकांच्या बाबतीत ती गिरणी परत आली नाही. त्या उन्हाळ्यात वडिलांनी मला मुंबईला पाठवलं नाही, "त्यांच्याच तोंडी घास नाही" म्हणून. पुढच्या वेळी गेलो तेव्हा आतेभावाने खेळ सोडला होता आणि तो एका गोदामावर रात्रीची राखण करत होता. गिरण्यांचे संघ गेले. तालमी पूर्ण बंद पडल्या नाहीत, पण सकाळी जोर मारणाऱ्यांची सरासरी वयं वाढली. पट्ट्यांत आधी स्कूटर आल्या, मग गाड्या. दहीहंडीची पथकं मात्र टिकली, माझगावच्या ताडवाडीसारख्या बीआयटी चाळींच्या वस्तीतली नावाजलेलीसुद्धा. पण महिना-दीड महिन्याचा तो सराव म्हणजे वर्षभराची सवय नव्हे.

आणि आता चाळीच जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टोलेजंग इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फूट, घरात संडास, घरात नळ, दाराशी लिफ्ट. मी चाळीच्या आठवणींवर गहिवरणारा असलो तरी हे घर मिळालंच पाहिजे होतं, शंभर वर्षं उशिरा मिळालं, असंच म्हणेन. आत्या असती तर तिने नळ उघडून नुसता वाहू दिला असता दोन मिनिटं.

पण इंजिनीअरची खोड जात नाही. १९२० साली खातं खोल्या मोजत होतं, आज आपण चौरस फूट मोजतो. खोलीच्या बाहेरची जागा तेव्हाही हिशेबात नव्हती. ती लोकांनी वापरून वापरून मैदान केली. तिसऱ्या मजल्यावरच्या आईला खालचं पोर दिसायचं, हाक मारली की ऐकू जायचं. तिसाव्या मजल्यावरून ती हाक जात नाही. पोर खाली पाठवायचं की नाही, हा निर्णय मग आई लिफ्टच्या दाराशी उभी राहून घेणार. नव्या आराखड्यात मैदान किती आहे, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे की ते कोणत्या मजल्यापर्यंतच्या घरांचं आहे. आणि संध्याकाळी सहा ते सात या वेळात तिथे बायका-मुलींना हक्काने उभं राहता येईल का? हे प्रश्न सोसायटीच्या पहिल्याच सभेत विचारायचे असतात. नंतर तिथे पार्किंगचे पट्टे आखले जातात आणि ते पुसता येत नाहीत, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे.

हे फक्त मुंबईचं नाही. बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, आपल्या सगळ्या शहरांत गिरण्या होत्या, कामगारांच्या वस्त्या होत्या, तालमी होत्या. आपण संस्थानिकांच्या आखाड्यांचा इतिहास बराचसा लिहिला. मजुरांच्या तालमींचा लिहायचा राहिला आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी एखाद्या गिरणीच्या संघाचा फोटो असेल, व्यायामशाळेची वर्गणीची पावती असेल, चषक असेल, तर त्याची नक्कल मंडळाकडे द्या. आणि त्या घरात सत्तरीपुढची आजी असेल, तर फोटोतल्या पठ्ठ्याबद्दल विचारून झाल्यावर तिलाही एक प्रश्न विचारा : "आजी, तुम्ही पाणी कुठून भरायचा, आणि किती खेपा?" उत्तर लिहून घ्या, मजल्यासकट. हिशेब मी करून देतो.